लांबडीचं तिसरं दार

४ फेब्रुवारी

चाचणीची तारीख ठरली. याच महिन्याची अखेर. मोठ्या साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दरवाजेवाले, आता घोडं तुमच्यापाशी अडलंय." कारखान्यात मला याच नावानं ओळखतात. इंजिनांवर आणि पंखांवर तासन्‌तास बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. माणूस विमानात शिरतो कसा आणि वेळ आली तर बाहेर पडतो कसा, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. सिनेमाला गेलो तरी आधी बाहेर जायची दारं शोधतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे आगीची वाट बघत बसणं.

घरी आल्यावर ताईनं विचारलं, "ही लांबडी लांबडी म्हणतोस, ती आहे तरी कोण?" ताई माझी थोरली बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि गेल्या वर्षीपासून आमच्याकडे राहते. तिला अर्धवट उत्तर चालत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या तीन गुंडाळ्या करून ठेवल्या आणि विमानांचं अख्खं खानदान समजावून सांगितलं.

मधली गुंडाळी म्हणजे पहिली. मी नोकरीला लागलो तेव्हा ती नुकतीच उडायला लागली होती. मधे एकच वाट, दोन्ही बाजूंना तीन तीन खुर्च्या, पुढे दारं, मागे दारं, पंखांवर उघडणाऱ्या खिडक्या. गुणी विमान. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हिचीच छोटी आवृत्ती काढावी. विमानाचं धड म्हणजे एकापुढे एक जोडलेली कडी. त्यातली काही काढून टाकली आणि झाली बुटकी. पण पंख तेच, इंजिनं तीच, चाकं तीच. बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी दिसायची. ओझं तेवढंच वाहायची आणि माणसं मात्र कमी न्यायची. मोजक्याच खपल्या. पुढे पहिलीला नवी, कमी इंधन पिणारी इंजिनं लावली आणि तिनं बरीच वर्षं कंपनीला पोसलं. आता सगळ्यांना खुर्च्या जास्त हव्यात. म्हणून पंखांच्या पुढे आणि मागे कडी वाढवून केली ती लांबडी.

"एवढंच?" ताई म्हणाली. "मग तुझं डोकं का उठलंय?"

एवढंच असतं तर काय हवं होतं! धड लांब झालं की उडताना शेपूट जमिनीला घासतं. म्हणून चाकांचे पाय उंच केले. पाय उंच केले म्हणून दारं वर गेली. दारं वर गेली म्हणून संकटाच्या वेळी दारातून फुगून बाहेर पडणारी घसरगुंडी जास्त उभी झाली. खुर्च्या वाढल्या म्हणून पंखांमागे एक जादा दार पाडावं लागलं, तिसरं दार. पण तिथल्या कड्यांमधलं अंतर पहिलीच्या वेळचं, ते कोणाच्या बापाला हलवता येत नाही, म्हणून हे दार पुढच्या दारापेक्षा अरुंद.

"म्हणजे पोरगी वाढली तरी फ्रॉक तोच. नुसता उसवून लांब करताय," ताई म्हणाली. मी हसलो, पण चूक काढता येईना.

चाचणी अशी असते: विमान माणसांनी पूर्ण भरायचं, अंधार करायचा, वाटेत पिशव्या आणि पांघरुणं टाकायची, अर्धी दारं बंद ठेवायची आणि नव्वद सेकंदांत सगळे बाहेर. माणसं साधी हवीत, ज्यांनी हे कधी केलेलं नाही अशी. जमलं तर सगळ्या खुर्च्या मंजूर. नाही जमलं तर रांगा काढा. आणि रांगा काढल्या तर जिनं एवढी मोठी मागणी नोंदवली आहे ती विमान कंपनी पाठ फिरवणार. मग लांबडी आमच्या आवारात शोभेला उभी राहील आणि आम्ही तिच्या सावलीत.

११ फेब्रुवारी

तिसऱ्या दाराची घसरगुंडी आज फुगवली. खालून बघितली, मग वर चढून दारातून बघितली. वरून बघताना माझे गुडघे आपोआप वाकले. मी, ज्यानं या गोष्टीत आयुष्य काढलं, तो दारात खाली बसलो आणि हात टेकवून हळूच सरकायला बघू लागलो. नेमकं हेच नको असतं. उडी मारणारा निघून जातो. बसणारा मागच्या सगळ्यांना अडवतो. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून बरं. उठलो, पँट झटकली.

साहेबांना म्हटलं, "तिसऱ्या दाराचा उतार फार उभा वाटतो. लोक कचरतील, खाली बसतील."

"कचरतात का, हेच तर बघायचंय," साहेब म्हणाले. "चाचणी त्यासाठीच आहे ना?"

बरोबर आहे त्यांचं. मी बसलो होतो, हे त्यांना सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

चाचणीतल्या माणसांत पन्नाशी ओलांडलेल्या बायका ठरावीक प्रमाणात लागतात. विमानात काय फक्त पैलवान बसतात? पण आज त्यातल्या काही जणींनी आयत्या वेळी हात वर केले. एकीला मुलगा नको म्हणाला, एकीची पाठ धरली. जेवताना मी ही रडकथा सांगत होतो.

"मी येते की," ताई म्हणाली.

"ताई, तुमचे गुडघे!" बायको म्हणाली.

"गुडघे घरी ठेवून येईन."

कर्मचारी चालत नाहीत, पण नातेवाइकांबद्दल नियम काही बोलत नाही. साहेबांना फोन केला. म्हणाले, "आणा. फक्त त्यांना काही शिकवू नका हं. सराव केलेलं माणूस बाद." मी म्हटलं, "छे, शिकवतोय कशाला!"

२६ फेब्रुवारी

आज जे केलं त्याला सराव म्हणत नाहीत. सराव म्हणजे खरं विमान, खरी घसरगुंडी. आम्ही फक्त जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि खाली दोन गाद्या टाकल्या.

काय करणार? दोन दिवस ताईचे गुडघे डोळ्यांपुढून हलत नव्हते. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईनंच मला वाढवलं, माझ्या फुटक्या गुडघ्यांवर फुंकर घातली. तिला त्या उतारावरून आंधळेपणी ढकलून मी खाली उभा राहू? काळजीपोटी दोन शब्द सांगितले, बस.

टेबलावर चढली आणि पहिल्यांदा ती काठावर बसलीच. म्हटलं, "बघ, सगळे हेच करतात. बसायचं नाही. दारात आलीस की थांबायचं नाही. हात छातीशी घट्ट, उडी मार आणि बूड टेकव." बायको सोफ्यावर हसून लोळत होती. पण ताई ती ताईच. शिकवलेलं एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. नंतर तर ती स्वतःहून टेबलावर चढायला लागली आणि वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशी ओरडायची, "थांबायचं नाही! बसायचं नाही! हात छातीशी!" खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, काही पडलं का. बायको म्हणाली, "नणंदबाई पडताहेत. मुद्दाम."

गाद्या उचलताना ताईनं विचारलं, "आणि माझ्या पुढचंच कोणी बसलं तर रे?"

"तर दे ढकलून," मी म्हटलं. खूप हसलो आम्ही.

२८ फेब्रुवारी

पास! पास! पास!

सत्त्याऐंशी सेकंद.

भर दुपारी हँगरच्या खिडक्या काळ्या कापडानं झाकून टाकल्या होत्या. मी खाली तिसऱ्या दारासमोर, गाद्यांच्या मागे. शिट्टी झाली, घसरगुंड्या फुस्स करून बाहेर आल्या आणि मग माणसं दिसेनात, नुसते पाय आणि धाप. तिसऱ्या दारातून सुरुवातीला भराभर आले. मग एकदम खंड. कोणीतरी दारात बसलं होतं. तेवढ्यात वरून आवाज आला, "बसायचं नाही! हात छातीशी! उडी!" आणि ती बसलेली आकृती वेडीवाकडी खाली आली, पाठोपाठ ताई, अगदी टेबलावरून उडी मारावी तशी, आणि मग मागचे सगळे धडाधड, हात छातीशी, एक जण बसला नाही.

साहेबांनी मला मिठी मारली. मुलाखतीला आलेल्या पोराला येतो तसा घाम आला होता त्यांना.

एका बाईंना लागलं, त्या बसलेल्या. उजवं मनगट. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी मला विचारलं, "साहेब, माझ्यामुळं नापास नाही ना झालं?" म्हटलं, नाही नाही, तुम्ही निर्धास्त राहा. मनगट मोडलंय असं संध्याकाळी कळलं. त्यांचं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे, एकट्या चालवतात. फार वाईट वाटलं.

घरी ताई फोनवर सगळ्या मैत्रिणींना सांगत होती. मी त्या बाईंचं सांगितलं तेव्हा थांबली. "कोण? निळ्या स्वेटरवाल्या?" हो म्हटल्यावर फोन ठेवून खोलीत गेली. दमली असेल.

२ मार्च

हवाई सुरक्षा खात्याच्या तपासनीस बाईंबरोबर चित्रीकरण बघितलं. अंधारातल्या कॅमेऱ्याचं, सगळं हिरवट. बाई शांत, डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या. तिसऱ्या दारापाशी त्यांनी चित्र थांबवलं. दारात एक आकृती बसलेली, मागून एक हात.

"हा हात कोणाचा?"

"गर्दीत लागला असेल," मी म्हटलं.

"आणि हे ओरडतंय कोण? आवाज चांगला खणखणीत आहे."

तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "दारावरची हवाई सुंदरी."

"चांगली तयार केलीय मुलीला," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

का म्हणालो असं? खरं म्हणजे काय बिघडलं असतं? प्रवाशानं प्रवाशाला ओरडू नये असा नियम कुठे आहे? आता मागे जाऊन दुरुस्त केलं तर उगीच संशय. बाईंच्या मनगटाचं मात्र मनाला लागून राहिलंय. उद्या फळं घेऊन जातो.

३ मार्च

दवाखान्यात जाऊन आलो. हाडात धातूची पट्टी बसवावी लागली. टेलरबाई (मी मनात हेच नाव ठेवलंय) अगदी साध्या आणि बोलक्या. फळं बघून लाजल्या. कंपनी सगळा खर्च देणार हे सांगितलं, दुकान बंद राहील त्याची भरपाईही. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मीच तुमची माफी मागायला हवी. सगळे कसे पटापट गेले. मी एकटी भित्री निघाले."

त्या चाचणीला आल्याच होत्या भीती मोडायला. लेक लांब राहते, तिला दिवस गेलेत. तिनं विमानाचं तिकीट पाठवलंय. बाई जन्मात विमानात बसलेल्या नाहीत. वाटलं, जमिनीवरच्या विमानात एकदा बसून बघू. "आता तिकीट परत कर म्हणून सांगणार आहे. माझ्यासारखीनं विमानात बसायचंच नसतं. खरंच आग लागली असती तर माझ्यापायी मागचे सगळे गेले असते."

म्हटलं, तसं काही नसतं. सफरचंद कापून दिलं आणि निघालो.

१२ मार्च

टेलरबाई घरी गेल्यात. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन आलो. दुकानाच्या मागे एकच खोली, खिडकीत शिवणयंत्र, त्यावर चादर घातलेली. टेबलावर सूपचा थर्मास होता, आमच्या घरी आहे तसाच, हिरव्या झाकणाचा. हल्ली सगळे एकाच दुकानातून घेतात. बाईंचे केसही नीट विंचरलेले. कोणी शेजारीण येत असेल. बरं वाटलं.

मी हे सगळं करतोय तरी छातीवरचा दगड हलत नाही. त्यांच्या हाताचा व्यायाम घेणारी मुलगी चांगली आहे का, याची मी तीन ठिकाणी चौकशी केली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तर त्यांचं मनगट घरी घेऊन आलाय." विनोद चांगला होता, पण हसू आलं नाही.

ताई आताशा दुपारी फिरायला जाते. उन्हाची कशाला जातेस म्हटलं तर उत्तर देत नाही. टेबलावरच्या गप्पा बंद. वयाचा परिणाम.

१९ मार्च

लांबडीला सगळ्या खुर्च्यांची मंजुरी मिळायच्या बेतात आहे, फक्त शेवटची सही राहिलीय. साहेबांनी विभागात पेढ्यांच्या ऐवजी, डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणून, स्वतः चहा वाटला. एक जण म्हणाला, "दरवाजेवाल्यांनी तारलं बुवा." मी चहा सांडला.

सारखं एकच डोळ्यांपुढे येतं. खरी आग, खरा धूर, खरं तिसरं दार. कोणीतरी दारात बसलंय. आणि मागे ताई नाही.

पण लगेच दुसरं मन म्हणतं, मागे कोणीतरी असेलच की. माणसं ओरडतात. ढकलतात. सगळ्यांच्याच काय बहिणी शिक्षिका नसतात, पण आवाज तर असतो. मग जरा वेळ बरं वाटतं. कामाला लागतो. आणि जिना उतरताना प्रत्येक वळणावर वाटतं, इथे कोणी बसलं तर?

२३ मार्च

आज घरात स्फोट झाला.

मी चहा घेत होतो. ताई समोर येऊन बसली आणि मध्यभागी हिरव्या झाकणाचा थर्मास ठेवला. म्हणाली, "मी रोज त्यांच्याकडे जाते." मी गाढवासारखा विचारतोय, कोणाकडे?

"ज्यांना मी ढकललं त्यांच्याकडे. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, मागून हात लावला तो माझा."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं केलंत. नाहीतर मी तिथंच बसून राहिले असते." ताईनं थर्मास माझ्याकडे सरकवला. "ढकलल्याचं त्यांना काही नाही रे. बसल्याचं आहे. रोज तेच. सगळे गेले, मी एकटी बसले. आणि मी तिथं त्यांना सूप भरवत मूग गिळून बसते. कारण मीसुद्धा बसले होते ना, या टेबलावर! तू नको म्हणालास म्हणून उठले."

बायको ओट्यापाशी तशीच उभी राहिली.

"खरं सांग," ताई म्हणाली. "मला शिकवलेलं चालत होतं का?"

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे नव्हतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. वर्गातल्या पोरांकडे बघत असेल. "तू मला पेपर फोडून दिलास. आणि मी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. जन्मभर मी कॉपी करणाऱ्या पोरांना बाहेर उभं केलं, आणि या वयात..."

"तुझ्या गुडघ्यांसाठी केलं गं मी."

"माझे गुडघे माझे होते! मोडले असते तर मोडले असते. त्यांचं मनगट तुझं नव्हतं."

मी म्हटलं, "मी तुला ढकलायला थोडंच सांगितलं होतं?"

बायको म्हणाली, हळूच, "सांगितलं होतं. मी इथंच होते."

खरंच सांगितलं होतं. लिहितानासुद्धा लाज वाटते.

२४ मार्च

साहेबांच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं. सगळं सांगितलं: टेबल, गाद्या, हात, आवाज, तपासनीस बाईंना मारलेली थाप. साहेब पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले.

"मी हे ऐकलंच नाही असं समजू का?" ते म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. मला वाचवायला बघत होते, आणि स्वतःला, आणि खालच्या मजल्यावरच्या सगळ्या कामगारांना.

"नको साहेब. ऐका."

"नव्वदच्या आत आलो आपण. एका बाईंनी आरडाओरडा केला म्हणून काय?"

"त्या बाई नसत्या तर आलो नसतो."

"कशावरून?"

"कारण अकरा फेब्रुवारीला मी स्वतः बसलो होतो त्या दारात."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं लांबडी उभी असते, रंग न दिलेली, अंगावर हिरवा लेप. मग म्हणाले, "तपासनीस बाईंना मी फोन करतो. मजल्यावरच्यांना मात्र तुम्ही सांगा. ते मी करणार नाही."

सांगितलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. परवापर्यंत माझ्यासाठी खुर्ची राखणारा माणूस दुपारी जेवताना ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

तपासनीस बाई संध्याकाळी आल्या. त्या रागावल्या नाहीत. "चाचणी रद्द," म्हणाल्या. मग, "मी तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवला होता," एवढंच. ते जास्त लागलं.

२ एप्रिल

नवी चाचणी, नवी माणसं, पुढच्या महिन्यात. मला त्यातून काढलंय, ते योग्यच आहे. सध्या मी बुटकीच्या जुन्या दारांच्या बिजागऱ्यांचे सुटे भाग बघतो. जगात उरल्यात त्या बुटक्यांचं कोणीतरी बघायला हवंच.

ताई माझ्याशी बोलायला लागली आहे, पण कामापुरतं. मीठ दे. दिवा घालव.

मी टेलरबाईंकडे गेलो नाही. तोंड कसं दाखवू? ताई जाते. आता थर्मास उघडपणे भरते.

९ मे

आज झाली.

कागदोपत्री माझा काही संबंध नाही, पण साहेबांनी शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर बघायची परवानगी दिली. ताई म्हणाली मीही येणार. आणि बरोबर टेलरबाईंना घेऊन आली. त्यांच्या मनगटावर अजून पट्टा आहे. मी उठून उभा राहिलो, खुर्ची दिली, नमस्कार केला. त्यांनी डाव्या हातानं मला बस म्हणून खुणावलं.

शिट्टी झाली. हिरवट पडदा. तिसऱ्या दारातून माणसं यायला लागली, एकामागून एक, बरी येत होती. मला वाटलं, कदाचित जमेल. खरं लिहितो, त्या क्षणी मला जमावं असंच वाटत होतं.

मग एक धिप्पाड माणूस दारात आला. खांदे दोन्ही चौकटींना लागले. त्यानं खाली बघितलं. आणि बसला.

मागची माणसं मागेच थांबली. हवाई सुंदरी ओरडत होती, पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. हात मागे टेकवून तो काठावर बसून राहिला, थंड पाण्यात उतरायच्या आधी बसावं तसा. माझ्या शेजारी ताईचा हात पडद्याच्या दिशेनं पुढे गेला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

शेवटी तो सरकला. त्याच्या मागची बाई आली आणि तीही बसली. मग आणखी एक.

नव्वद सेकंद झाले तेव्हा विमानात अजून माणसं होती. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. दोन रांगा जाणार, घसरगुंडी पुन्हा आखावी लागणार, मागणी देणारी कंपनी राहते की जाते ते पुढच्या आठवड्यात कळेल. मजल्यावरची माणसं माझ्याकडे न बघता बाहेर पडली. त्यांच्या घरांचं काय होईल याचा विचार मी करू शकत नाही आणि केल्याशिवाय राहूही शकत नाही.

टेलरबाई अजून पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर आता रिकामं दार होतं.

"एवढा मोठा माणूस," त्या म्हणाल्या. "तोही बसला." मग स्वतःशीच, "म्हणजे मी एकटीच नव्हते."

"नाही," मी म्हटलं. "मीसुद्धा बसलो होतो. चाचणीच्या आधीच. उतार बघायला चढलो आणि पाय गळाले."

"तुम्ही?" त्या वळल्या. हसू आलं त्यांना, पोटातून, कितीतरी दिवसांनी आल्यासारखं. "दरवाजेवाले साहेब, तुम्ही?" ताईसुद्धा हसली. मीही हसत होतो. त्या म्हणाल्या, आज लेकीला कळवते, येते म्हणून. तिकीट अजून परत केलेलं नव्हतं.

मग पट्टा नीट करता करता त्यांनी विचारलं, अगदी सहज, आवाजात राग म्हणून नाही:

"मग हे मला दवाखान्यातच का नाही सांगितलंत?"

ताई माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्यासाठी कापलेलं सफरचंद आठवत होतो.

घरी येऊन टेबलाशी बसलोय, उत्तर अजून आलेलं नाही.